धुऊन ठेवलेल्या जाळ्या

९ फेब्रुवारी

बाबा,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन शब्द लिहायची आपली पद्धत आहे. ते वगळते. हे पत्र कामाचं आहे.

मी दोन वर्षांपासून सांडपाणी केंद्रात नोकरीला आहे. आईने तुम्हाला कळवलं असेल किंवा नसेल. तुम्ही जिथे बावीस वर्षं काढलीत त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. छतांची गळती आणि पाण्याचा निचरा माझ्याकडे आहे, म्हणजे सुरय पक्ष्यांचं छतही माझ्याकडे आहे. ते मी मागून घेतलं नाही. कामांच्या वाटणीत आलं.

छत पक्ष्यांच्या विणीसाठी मोकळं ठेवण्याचा केंद्राचा आणि तुमच्या जुन्या पक्षिमित्र मंडळाचा करार पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये संपतो. तो वाढवायचा की नाही हे जुलैच्या बैठकीत ठरेल. गेली दोन वर्षं एकही घरटं झालेलं नाही. या मोसमातही झालं नाही, किंवा अकरा वर्षांपूर्वीसारखं काही घडलं, तर तिथे सौर पॅनेल बसतील. आराखडा तयार आहे. मी पाहिला आहे, चांगला आहे. खाडीच्या या काठावर सुरयांना अंडी घालायला दुसरी उघडी जमीन उरलेली नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

जुनी फाइल काढली. जूनच्या पावसात छतावर पाणी तुंबून एकशे बारा घरटी बुडाली, त्याबद्दल तिच्यात दोन ओळी आहेत. 'कारण : मंडळाचे प्रमुख तोगाशी शूइची यांचा हलगर्जीपणा. उपाय : तोगाशी यांनी जबाबदारी स्वीकारून मंडळाचा व नोकरीचा राजीनामा दिला.' पाणी का तुंबलं, कुठे तुंबलं, एक अक्षर नाही. आता नव्या ठेकेदाराने सुचवलं आहे की छतावरच्या निचऱ्याच्या आठही तोंडांवर बारीक भोकांची पोलादी झाकणं बसवावीत, म्हणजे कचराही जाणार नाही आणि पिल्लंही पडणार नाहीत. कागदावर ते शहाणपणाचं दिसतं.

मला तुमच्याकडून दोन गोष्टी लेखी हव्या आहेत. त्या दिवशी आठांपैकी किती तोंडं बुजली होती? आणि कशाने? चार ओळी पुरेत. खाली सही हवी. तिकीट लावलेला लिफाफा सोबत आहे.

तोगाशी कानाए


४ मार्च

बाबा,

लिफाफा आला नाही. खोकं आलं. वाळवलेले माकूळ, चौदा.

आईने एक गॅसवर भाजला, फाडला, आणि म्हणाली, "तुझ्या बापाला पत्राचं उत्तर म्हणजे मासळी वाटते. लग्नाआधीही हेच. मी तीन-तीन पानं लिहायची आणि हा खेकडे पाठवायचा."

"मग तू काय करायचीस?"

"खायचे. काय करणार? खेकडे चांगले होते." थोडं चावून झाल्यावर म्हणाली, "हाही चांगला आहे. तेवढं कळव."

कळवलं.

काल झाकणांबद्दल बैठक झाली. मी विरोध केला. झाकणाचं भोक तीन मिलिमीटरचं आहे. छतावर आपण शिंपल्यांचा जो चुरा पसरतो त्याचे बरेच तुकडे त्याहून मोठे आहेत, उरलेले त्याच मापाचे. त्यात पिसं, विष्ठा आणि तणाची मुळं मिसळली की लगदा होतो आणि भोकं बुजतात. विभागप्रमुख कासामासाहेबांना तुम्ही ओळखता. तुमच्या वेळी ते हिशेबनीस होते. आता केस पांढरे झालेत, स्वभाव तसाच मऊ आहे.

"भोकं बुजतील हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"पूर्वी असं झालेलं आहे."

"कधी? फाइलमध्ये नाही."

ते थांबले होते, घाई न करता. शेवटी त्यांनीच पान उलटलं.

चोवीस तारखेला काम होणार. एकतीसच्या आत निधी संपवायचा असतो, त्यामुळे ते पुढे ढकलता येत नाही. तुमचं लेखी उत्तर वीसपर्यंत आलं तर मी अजून काही करू शकते. मासळी पाठवू नका.

कानाए


२८ मार्च

बाबा,

झाकणं बसली. प्रत्येकाला चार बोल्ट. काम स्वच्छ झालं आहे, बोट ठेवायला जागा नाही.

काल मंडळाच्या लोकांनी छत तयार केलं. नऊ जण होते, त्यातले सात सत्तरीच्या पुढचे. खऱ्या पक्ष्यांना भुलवायला मांडायचे तुमच्या हातचे लाकडी सुरय रंगवून घेतले. चाळीस होते, तेहेतीस उरलेत. मी ते वाऱ्याकडे तोंड करून मांडले. गेली दोन वर्षं कोणीतरी सगळ्यांची तोंडं जिन्याच्या दाराकडे करून ठेवली होती, पाहुणे आले की फोटोत चोची दिसाव्यात म्हणून. वाऱ्याला पाठ करून बसलेला सुरय खरा नाही, हे वरून जाणाऱ्याला लगेच कळत असणार.

पण खरी गोष्ट ओनुकीसानांची आहे. तुमच्यानंतर मंडळ त्यांनीच ओढलं. ते जन्मभर माळीकाम केलेले आहेत, तुम्हाला माहीत आहे. अधिकारी पाहणीला येणार म्हणून त्यांनी पहाटेपासून दाताळं घेऊन अख्खं छत विंचरलं. शिंपल्यांचा चुरा एका पातळीत, समांतर रेघा, कोपऱ्यात वळणं. छत देवळाच्या अंगणासारखं दिसत होतं. गेली दोन वर्षंही ते हेच करत आले आहेत. कोणी काही बोललं नाही, कारण इतकं सुंदर केलेलं मोडा म्हणून कोण सांगणार?

मी सांगितलं. पक्ष्याला खळगा लागतो, पिल्लाला दडायला कचरा लागतो. फळकुटं, दगड, वाळकं गवत.

"पोरी, साठ वर्षं सरळ रेघा मारल्या. आता वाकड्या मारायला शिकवतेस?"

"हो."

"बापावर गेलीस. तोही असाच. हो म्हणजे हो. पुढे शब्द नाही."

तरी त्यांनी केलं. दुपारभर पसारा मांडत होते, एकेक फळकूट तीनदा उचलून ठेवत. शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "याला पसारा म्हणू नकोस. पसाऱ्याची बाग आहे ही."

जाताना त्यांनी तुमचा विषय काढला. "शूइचीने माफी मागितली तेव्हा मी शेजारी उभा होतो. असा वाकलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं."

मीही होते त्या सभागृहात, शेवटच्या रांगेत, शाळेच्या गणवेशात. मी मोजलं होतं. चौदा सेकंद. तुम्ही कमरेत वाकलात, लोक हळहळले, आणि त्यानंतर छतावर जाऊन पाणी कुठे अडलं हे बघायची कोणालाच गरज वाटली नाही. एका माणसाने सगळं स्वतःवर घेतलं की बाकीच्यांची चौकशी संपते. ही सोय आहे. मी अभियांत्रिकी शिकताना जेवढे अपघात वाचले त्यातले निम्मे अशाच माफीनंतर पुन्हा घडलेले होते.

तुम्ही राहता त्या बंदराजवळच्या बेटावर म्हणे देवळाभोवती हजारो कुरव पक्षी अंडी घालतात आणि लोक छत्री उघडून त्यांच्यामधून चालतात. तिथे बरं वाटत असेल. कोणाला काही विचारावं लागत नाही.

कानाए


१९ मे

बाबा,

सुरय आले. २६ एप्रिलला दोन, मग अकरा, मग मोजणं सोडलं. आज सकाळी घरटी मोजली : अठ्ठेचाळीस. पहिलं अंडं तुमच्या जुन्या, चोच तुटलेल्या लाकडी पक्ष्यापासून तीस सेंटिमीटरवर आहे.

ओनुकीसान जिन्याच्या दाराआडून पाहत होते. मला म्हणाले, "कोणाला सांगू नकोस, मी रडतोय." मग स्वतःच सगळ्यांना सांगितलं.

पिल्लं जूनच्या पहिल्या आठवड्यात निघतील. पावसाळा त्याच सुमारास सुरू होतो.

तुमचं उत्तर अजून आलेलं नाही. मी तारखा देणं थांबवते.

कानाए


७ जून

बाबा,

एकाहत्तर घरटी. पिल्लं निघायला लागली आहेत. पावसाळा काल जाहीर झाला.

परवा मी दक्षिणेकडच्या तोंडावर चाचणी घेतली. तिथे पक्षी बसलेले नाहीत. वीस लिटर पाणी झाकणावर ओतलं, चाळीस सेकंदांत गेलं. मग सभोवारचा चुरा आणि पिसं पाण्यातून सोडली, जसं पावसात होईल तसं, आणि पुन्हा वीस लिटर ओतलं. अकरा मिनिटं.

हे घेऊन कासामासाहेबांकडे जायचं तर त्यांचा एकच प्रश्न असणार होता : पूर्वी असं झाल्याचं तुम्हाला कसं माहीत? म्हणून फेब्रुवारीपासून मी तुमच्याकडून ते लिहून घ्यायला बघत होते. फाइलसाठी हवं होतं हे खरं. मला लिहावं लागू नये म्हणून हवं होतं, हे जास्त खरं. आता लिहिते.

मी सतरा वर्षांची होते. त्या मेअखेरीला एका आठवड्यात निचऱ्याच्या तोंडांत पडून सात पिल्लं मेली. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, मंडळात मांडतो. मंडळाची बैठक दोन आठवड्यांनी होती. मी आईच्या खणातून सिंकच्या भोकाला लावायच्या जाळीच्या पिशव्या घेतल्या. तीन. मोज्यासारख्या ताणल्या जातात त्या. प्रत्येक घरात खरकटं अडवायला लावतात, मग छतावर का नाही, असा माझा विचार. दक्षिणेकडच्या, सगळ्यात उताराच्या तीन तोंडांवर रबर लावून बसवल्या. नऊ दिवस एकही पिल्लू पडलं नाही. मी रोज मोजत होते. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. दहाव्या दिवशी, रविवारी, सकाळी सहापासून दुपारपर्यंत पाऊस पडला.

मी प्रवेश परीक्षेच्या सरावाला गेले होते. पाच वाजता घरी आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात पाठमोरे उभे होतात, नळ सोडलेला होता. तुम्ही वळून पाहिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी मी खण उघडला. तीन जाळ्या, धुतलेल्या, वाळवलेल्या, घडी घालून पाकिटावर ठेवलेल्या. एकीच्या विणीत शिंपल्याचा कण अडकलेला होता.

सिंकची जाळी कोणी धूत नाही, बाबा. ती फेकायची असते.

तुम्हाला कळलं आहे हे मला कळलं, आणि मला कळलं आहे हे तुम्हालाही कळलं असणार. आठवड्याने तुम्ही सभागृहात वाकलात. वर्षाच्या आत उत्तरेला निघून गेलात. मला एका शब्दानेही विचारलं नाहीत. ओरडला असतात तर मी उत्तर दिलं असतं.

हे सगळं परवाच संध्याकाळी मी कासामासाहेबांना सांगितलं, चाचणीच्या आकड्यांसह. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तोगाशीसान, हे मला का सांगताय?"

"झाकणं काढायची परवानगी हवी म्हणून. त्या जाळ्या आणि ही झाकणं एकच आहेत."

"झाकणं हा त्या अपघातावरचा उपाय आहे. मंजूर झालेला. उद्या झाकण काढलं आणि पिल्लू पडलं, तर?"

"तर एक पिल्लू पडेल."

त्यांनी चाचणीचे आकडे माझ्याकडे परत सरकवले. मग म्हणाले, "ते प्रकरण मिटलेलं आहे. तुमच्या वडिलांनी मिटवलं. तुम्ही ते उघडलंत, तर त्यांनी काय मिटवलं?"

"काहीच नाही."

"असं म्हणू नये. एका माणसाची नोकरी गेली आहे त्यात."

परवानगी मिळाली नाही.

कानाए


१७ जून

बाबा,

शनिवारी, १३ तारखेला, मी आठही झाकणं काढली. बत्तीस बोल्ट. पक्ष्यांनी डोक्यावर विष्ठा टाकली, दोनदा टोचलं. प्रत्येक तोंडाभोवती एक मीटर रुंदीचं विटांचं कडं केलं, दोन विटांमध्ये दीड सेंटिमीटरची फट. चुरा जातो, पिल्लू जात नाही, आणि एवढं मोठं कडं एका पावसात बुजत नाही. सतरा वर्षांच्या मुलीला हे सुचायला हवं होतं असं नाही. पण कारण फाइलमध्ये असतं तर इतक्या वर्षांत कोणालातरी सुचलं असतं.

विटा ओनुकीसानांनी आणल्या. "मी विटा आणल्या, एवढंच," असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं. "झाकणंबिकणं मला काही दिसलं नाही. म्हातारा आहे मी." त्यांना जिन्याच्या दारातून पन्नास मीटरवरचं अंडं दिसतं.

सोमवारी पाऊस आला. दुपारी चारपर्यंत एकशे अडतीस मिलिमीटर. मी जिन्याच्या दारात उभी होते. दक्षिणेच्या उताराकडे पाणी आलं, कड्यांपाशी फेसाळलं, आणि गेलं. सहा घरटी वाहून गेली. पासष्ट राहिली. मी दोनदा मोजली.

मंगळवारी सकाळी बोलावणं आलं. परवानगीशिवाय सरकारी वस्तू काढल्याबद्दल लेखी माफीनामा द्यायचा. झाकणं सध्या परत बसणार नाहीत, पिल्लांमध्ये आता कोणी काम करणार नाही. मी चार पानं लिहून दिली : तेव्हा काय झालं, का झालं, कोणी जाळ्या लावल्या, चाचणीचे आकडे, विटांच्या कड्याचं चित्र. संध्याकाळी ती परत आली. वर कासामासाहेबांच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी : 'कारणे नकोत. पश्चात्ताप एका पानात पुरे.'

मी ते एक पान लिहिलेलं नाही. ही चार पानं मी थेट समितीपुढे वाचणार आहे. बैठक १६ जुलैला, सकाळी दहा वाजता, दुसरा मजला. तुम्हाला एवढ्यासाठी कळवते की तुमची सही असलेल्या चार ओळी त्याला जोडता आल्या तर कोणी ते बाजूला सारू शकणार नाही. 'त्या दिवशी तीन तोंडांवर जाळ्या होत्या, मी काढल्या.' एवढंच वाक्य. बाबा, मी पहिल्यांदा विनंती करते आहे.

कानाए


२१ जुलै

बाबा,

तुम्ही काय केलंत ते तुम्हालाच लिहून पाठवते आहे, कारण बैठकीच्या वृत्तान्तात ते येणार नाही.

समितीचे नऊ सदस्य. माझा विषय चौथा. मी चार पानं क्रमाने लावून उभी राहिले, तेवढ्यात दार उघडलं. तुमच्या अंगावर तोच काळा सूट होता, आता खांद्यांवर सैल. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. टेबलासमोर आलात आणि म्हणालात, "माझ्या मुलीने जे केलं तो माझ्या वळण लावण्यातला दोष आहे. शिक्षा मला व्हावी. छताला होऊ नये." आणि वाकलात.

एकोणीस सेकंद. सवयीने मोजले.

अध्यक्ष उठून तुमच्यापाशी आले. "पुरे, तोगाशीसान, पुरे. इतक्या लांबून आलात." कासामासाहेब डोळे पुसत होते, आणि ते ढोंग नव्हतं. माझी पानं टेबलावर पालथी राहिली. मला वाचायला कोणी सांगितलं नाही. त्या क्षणी वाचणं म्हणजे वाकलेल्या बापाच्या पाठीवर पाय देणं झालं असतं, हे तुम्हालाही माहीत होतं.

करार पाच वर्षांनी वाढला. अट : मोसम संपल्यावर, मार्चच्या आत, झाकणं पुन्हा बसवायची. माझी बदली १ सप्टेंबरपासून, शहराच्या आतल्या बाजूच्या पंपघरात. सगळे समाधानी. ओनुकीसान जिन्यात दोन्ही हात वर करून ओरडले, "जिंकलो!" मग माझा चेहरा पाहिला आणि हात खाली घेतले.

तुम्ही बाहेर नाणी टाकून यंत्रातून गार चहाचे दोन डबे काढलेत. एक मला दिलात.

"झालं सगळं नीट," तुम्ही म्हणालात.

"झाकणं परत बसणार आहेत."

"त्याचं बघतील ते."

"कोण? फाइलमध्ये काही नाही. तुम्ही एक वाक्य लिहायचं होतं. जाळ्या होत्या, एवढंच."

तुम्ही डब्याकडे बघत विचारलंत, "कसल्या जाळ्या?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण तुम्ही पुन्हा म्हणालात, अगदी शांतपणे, "मला काही आठवत नाही, कानाए. माझ्याकडून साफसफाई राहिली होती."

"मग घर सोडून का गेलात?"

तेवढ्याला मात्र तुम्ही खरं उत्तर दिलंत. "तू समोर दिसलीस की तोंडात शब्द यायचा. राहिलो असतो तर एक दिवस निसटला असता."

बाबा, निसटला असता तर बरं झालं असतं. आपण भांडलो असतो, आई मध्ये पडली असती, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आणि मी छतावर जाऊन विटा मांडल्या असत्या. त्याऐवजी तुम्ही मला अकरा वर्षं निरपराध ठेवलंत. तुमची नोकरी, तुमचे पक्षी, आईची अकरा वर्षं, सगळं माझ्या नावावर, आणि मी मान्यसुद्धा करायचं नाही. गुन्हा माझा होता. तुम्ही तो माझ्याकडून घेतलात आणि परत दिला नाहीत.

तुम्ही छत वाचवलंत, हे मी नाकारत नाही. माझ्या चार पानांनी ते कदाचित वाचलं नसतं. पण त्या झाकणांखाली ते पुढच्या जूनमध्ये बुडेल, आणि तेव्हा तुम्ही पुन्हा गाडी पकडून याल. तुमची पाठ किती वर्षं पुरेल?

मी चहा प्यायले नाही. डबा अजून माझ्या टेबलावर आहे.

कानाए


२९ ऑगस्ट

बाबा,

बदली झालेल्या माणसाने आपल्या जागी येणाऱ्यासाठी टिपण लिहून ठेवायचं असतं, तुम्हाला माहीत आहे. कुठली किल्ली कुठे, कुठला पंप कुरकुरतो, कोणाला कधी फोन करायचा. वरिष्ठ ते वाचत नाहीत. पण ते बांधून ठेवतात, आणि आधीच्या माणसाच्या टिपणात कोणी खाडाखोड करत नाही. तशी पद्धत आहे.

माझं टिपण सव्वीस पानांचं झालं. पहिली चार पानं तीच. पहिली ओळ : 'छतावर पाणी तुंबण्याचे कारण : निचऱ्याच्या तीन तोंडांवर बसवलेल्या घरगुती जाळ्या. बसवणारी : तोगाशी कानाए, वय १७.'

माझ्या जागी नेमोतोसान आल्या आहेत, पंचेचाळीसच्या, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या. त्यांनी टिपण माझ्यासमोर बसून वाचलं, हातात पेन्सिल घेऊन. पहिल्या पानावरच थांबल्या.

"हे खरं आहे?"

"हो."

"नाव राहू द्यायचं?"

"राहू द्या."

त्यांनी चित्राचं पान उलटसुलट करून पाहिलं. "झाकणांच्या कामाची मागणी आता माझ्या सहीने जाणार. सहीआधी मी पाण्याची चाचणी मागीन. रीतसर. दोन पावसांची."

"चाचणी होईपर्यंत मार्च उलटेल. निधी परत जाईल."

"जाईल की."

"कासामासाहेबांना आवडणार नाही."

"एप्रिलमध्ये त्यांची बदली आहे," नेमोतोसान म्हणाल्या आणि पुढचं पान काढलं. "हा तीन नंबरचा पंप कुरकुरतो म्हणजे नक्की कसा कुरकुरतो?"

ऋतूबद्दलचे दोन शब्द फेब्रुवारीपासून राहिले आहेत. छत कोरडं आहे. शेवटचे सुरय ९ ऑगस्टला दक्षिणेला गेले. यंदाची उडालेली पिल्लं एक्याण्णव. ओनुकीसान म्हणतात शंभर. मी एक्याण्णव लिहिलं आहे.

आईला मी सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती, थांबली नाही. "मला काय सांगतेस? जाळी धुऊन ठेवणारा माणूस मी त्या एका दिवशीच पाहिला. तेव्हाच कळलं, आता हा काही बोलणार नाही." मग हात पुसले आणि खणाच्या अगदी मागून एक कागदी पाकीट काढलं. "वापरवत नव्हत्या. टाकवतही नव्हत्या. तू बघ काय करायचं ते."

टिपणाची प्रत सोबत आहे. माफीसाठी पाठवत नाही, आणि तुम्हाला माफ केलंय असंही समजू नका. त्या फाइलमध्ये आता माझं नाव आहे, ते तिथेच राहू द्या. कोणासमोर जाऊन ते झाकू नका. पुढच्या मे महिन्यात यायचं असेल तर या, जिन्याच्या दारापाशी ओनुकीसानांच्या शेजारी जागा असते. तिथे ताठ उभं राहावं लागतं, नाहीतर काही दिसत नाही.

तुम्ही विचारलं होतं, कसल्या जाळ्या. पाकिटात आहेत. तीन. एकीत शिंपल्याचा कण अजून आहे, आधी तो बघा. मग टाकून द्या. त्या एकदाच वापरायच्या असतात.

कानाए